नदीपलीकडची चोळी

आमच्या घरमालकीणबाई लग्न झालेल्या होत्या, विधवा होत्या की एकट्याच होत्या, हे त्यांच्या घरात कित्येक महिने राहूनही मला सांगता आलं नसतं. माझं लक्ष नव्हतं असं नाही. उलट रोज सकाळी चहा करता करता मी तेवढंच बघत असे. पण बाई एप्रनची गाठ रोज वेगळ्या बाजूला बांधायच्या.

हे गाठीचं प्रकरण आधी सांगायला हवं. बाई जर्मन. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, चालणं असं की कुणीतरी मागून हाक मारतंय आणि यांना थांबायचं नाही. हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुनात त्यांचं जुनं लाकडी घर होतं. चारी बाजूंची शेतं विकली जाऊन तिथे एकसारख्या विटांची, एकसारख्या गॅरेजची नवी घरं उभी राहिलेली, आणि मधे हे एवढंसं पांढरं घर, मागे लिंबाचं झाड. त्या घरात बाई रोज, म्हणजे अगदी कचरा टाकायला जातानाही, त्यांच्या मुलखाचा जुना पोशाख घालून वावरायच्या. आत पांढरा ब्लाउज, त्यावर पुढून आकड्यांनी आवळलेली बिनबाह्यांची चोळी, खाली पोटरीपर्यंत घेरदार परकर आणि परकरावर एप्रन. एप्रनचे बंद कमरेभोवती फिरवून त्यांचा बो बांधायचा. बो डावीकडे असेल तर बाई मोकळी आहे. उजवीकडे असेल तर लग्न झालंय. पाठीमागे असेल तर नवरा वारला. हे नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी, खोली दाखवायच्याही आधी, दारातच सांगितले.

मी कुर्ता घालून गेले होते. दोन हजार तेरा सालची गोष्ट. त्यांनी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं.

"हे डाव्या खांद्यावर का?"

"सहज," मी म्हटलं.

"सहज कुणी काही बांधत नाही."

"आमच्याकडे साडीचा पदरसुद्धा डाव्याच खांद्यावर असतो."

"सगळ्यांचा?"

"बहुतेक सगळ्यांचा."

"म्हणजे तुमच्या देशात सगळ्याच बायका मोकळ्या आहेत," त्या म्हणाल्या, आणि मला आत घेतलं. खोली चांगली होती. खिडकीतून लिंबाचं झाड दिसायचं. मी लगेच हो म्हटलं. पण आपल्याला खोली का मिळाली, त्या ओढणीमुळे की काय, हे मला कळलं नाही.

तर ही गाठ. सोमवारी उजवीकडे. गुरुवारी डावीकडे. रविवारी पाठीमागे. पुढच्या आठवड्यात सगळं उलटं. आधी मला वाटलं धुण्यात काही गोंधळ होतोय. मग वाटलं वयामुळे विसरत असतील. तिसऱ्या महिन्यात मी धीर करून विचारलं.

बाई टोस्टला मार्मलेड लावत होत्या. "माझा नवरा इथलाच," त्या म्हणाल्या. "गाईगुरं होती आमची. वीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला काम बघायला म्हणून गेला, तो आलाच नाही. पत्र नाही, फोन नाही. मेल्याचा कागद नाही, सोडल्याचाही कागद नाही."

"मग?"

"मग सकाळी उठल्यावर जसं वाटतं तसं बांधते."

त्या दिवशी बो पाठीमागे होता. मी न विचारताच त्या म्हणाल्या, "आज वाटलं, गेला असेल." आणि टोस्टचा मोठा घास घेतला.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण माझीही तीच गत होती. आम्ही दोघं चिंचवडहून इथे शिकायला आलो, दोघांना नोकऱ्या लागल्या, रेसिडेन्सी मिळाली, आणि मग एक दिवस नवरा म्हणाला की मला जरा एकट्याने राहून बघायचंय. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो. तो ऑकलंडमध्येच मनुरेवाला राहिला. मी हॅमिल्टनला नोकरी घेतली. इथल्या मराठी मंडळात मी सांगितलं होतं की त्याचं काम तिकडे आहे, वीकेंडला येतो. चिंचवडला आईला सांगितलं होतं की आम्ही दोघं हॅमिल्टनला आहोत, पण तो सारखा फिरतीवर असतो. कुणाला काय सांगितलंय हे मला लक्षात ठेवावं लागे. मंडळाच्या कार्यक्रमाला मी मंगळसूत्र घालून जायची, आणि घरी आले की ड्रॉवरमध्ये ठेवायची. घरमालकीणबाईंना यातलं मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

बाईंच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती. शिवणाचं मशीन होतं, बटणांचे डबे होते, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणलेले पडदे, चादरी, टेबलक्लॉथ यांचे ढीग होते. त्या या पोशाखांची शिवणकामं घ्यायच्या. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की बीअरच्या पार्ट्या सुरू होतात, तेव्हा गिऱ्हाइकं यायची. गिऱ्हाईक आलं की मी काहीतरी निमित्त काढून गॅरेजच्या दारात उभी राहायची, कारण ते बघण्यासारखं असे.

एकदा एका बँकेतली मुलगी आली. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, शॉर्ट्स, हातात फोन. म्हणाली, "मला एक कॉश्चूम हवाय, ऑफिसच्या पार्टीसाठी."

"कॉश्चूम जोकर घालतो," बाई म्हणाल्या. "हे कपडे आहेत. तुला कपडे हवेत का?"

मुलगी गडबडली. "हो. कपडे. पण शॉर्ट चालेल ना? असा?" तिने फोनवरचा फोटो दाखवला. बाईंनी तो लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला आणि फोन उपडा करून टेबलावर ठेवला.

मग नियम सुरू झाले. परकर गुडघ्याखाली. किती खाली, तर जमिनीपासून एका बीअरच्या मगाएवढी जागा सुटली पाहिजे. बीअरचा मग घरात नव्हता, म्हणून बाई दोन लिटरची दुधाची बाटली लावून मोजायच्या. कापड चमकणारं नको. एप्रन परकरापेक्षा एक बोट आखूड. ब्लाउजशिवाय चोळी घालायची नाही, कितीही उकडत असलं तरी. आणि गाठ कुठे, ते आताच ठरव.

"आणि बूट?" मुलीने विचारलं.

"ज्यांनी पार्टीतून घरी चालत येता येईल असे."

बाई स्वतः गमबूट घालायच्या. हिवाळ्यात चोळीवरून काळी रग्बीची जर्सी चढवायच्या. परकराला त्यांनी मोबाइलचा खिसा शिवला होता आणि एका चोळीला चक्क चेन लावली होती. मी विचारलं, "मग हे चालतं का?"

"म्हणजे काय? माझी आई आज असती तर खिसा शिवला नसता का तिने?"

"मग शॉर्ट परकर का नाही चालत?"

"तो आईने शिवला नसता."

मुलीला मात्र सगळं पटलेलं दिसलं. जाताना "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या भाषेत मस्तच, असं म्हणून गेली आणि आठवड्याने येऊन निळा परकर घेऊन गेली. गाठ तिने उजवीकडे ठरवली होती. पार्टीहून येऊन तिने बाईंना मेसेज केला की ती डावीकडे केलीय. बाईंनी मला तो वाचून दाखवला आणि मान हलवली, वाईट वाटल्यासारखी.

कुणी त्यांच्या पोशाखाला डिर्न्डल म्हटलेलं त्यांना खपत नसे. "डिर्न्डल तिकडे दक्षिणेत. डोंगरातल्या लोकांचं. माझं हे माझ्या गावाचं आहे." हे गाव आता नकाशावर वेगळ्याच देशात होतं आणि त्याचं नावही बदललं होतं. युद्ध संपल्यावर तिथल्या सगळ्या जर्मन माणसांना निघायला सांगितलं. प्रत्येकाने हातात धरता येईल तेवढंच घ्यायचं. बाई तेव्हा सहा वर्षांच्या. आईने एक बोचकं घेतलं. त्या बोचक्यातली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आईची चोळी. काळ्या लोकरीच्या कापडाची, पुढे चांदीचे आकडे आणि पाठीवर लाल-हिरव्या रेशमाने भरलेली खसखशीच्या बोंडांची रांग. बाकीचं सगळं, परकर किती घेराचा, एप्रन कुठल्या रंगाचा, हे बाईंनी आठवून आठवून जुळवलं होतं. एकदा सांगायच्या एप्रन निळा होता. एकदा सांगायच्या हिरवा. मी म्हटलं, "गेल्या वेळी निळा म्हणालात." त्या म्हणाल्या, "गेल्या वेळी निळाच होता." म्हणजे काय, हे मी आजवर कुणाला समजावून सांगू शकलेले नाही.

ती चोळी त्या फक्त खास दिवशी घालायच्या. आमच्या मंडळाच्या दिवाळीला त्यांनी ती घातली.

त्यांना मीच बोलावलं होतं. मी नऊवारी नेसणार होते आणि नेसायला मदत हवी होती. नऊ वार कापड, त्याला कुठे टाका नाही, टाचणी नाही आणि तरी ते अंगावर राहतं, हे बघून बाई माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून आल्या. "हे मला शिकव," म्हणाल्या. मग ड्रॉवर उघडून मी मंगळसूत्र काढलं आणि घातलं. त्यांनी ते पाहिलं.

शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बाई आत शिरल्या आणि गर्दी त्यांच्याकडे वळली. "अय्या, किती गोड!" "भरतकाम बघ गं पाठीवरचं!" एक छोटी मुलगी आईचा हात ओढत म्हणाली, "मम्मी, इज शी अ प्रिन्सेस?" बाई खूश होत्या. फराळाचं ताट घेऊन वृंदाताई आल्या. वृंदाताई म्हणजे मंडळाच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यांची चौकशी करणाऱ्या. बाईंनी ताटातला अनारसा उचलला, उलटा केला आणि एकदम ओरडल्याच, "खसखस! हे आमच्याकडेही असतं!" वृंदाताईंना फार आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी मला विचारलं, "अगं, तुझे मिस्टर कुठायत? या वेळी येणार होते ना?"

"त्याला ऑकलंडला अचानक काम आलं," मी म्हटलं.

आम्ही मराठीतच बोलत होतो. पण 'मिस्टर' हा शब्द बाईंना कळला.

"मिस्टर?" त्या म्हणाल्या. "मिस्टर नाही. दोन वर्षांत मी एकही मिस्टर पाहिलेला नाही. ते काळे मणी ड्रॉवरमध्ये असतात, तुम्ही लोक भेटणार असलात की बाहेर निघतात. आमच्या गावची असती तर मी हिला डावीकडे बांधायला लावलं असतं."

हे सगळं त्या स्वच्छ इंग्रजीत, अनारसा हातात धरून बोलल्या. आसपासच्या चार-पाच बायकांनी ऐकलं. वृंदाताईंनी ताट या हातातून त्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "आत गरम होतंय का गं जरा?"

परत येताना गाडीत मी विचारलं, "तुम्ही असं का केलंत?"

"काय केलं?"

"त्यांना माहीत नव्हतं ते."

"त्यांनी विचारलं ना?"

"तुम्हाला नाही विचारलं. मला विचारलं."

"तू चुकीचं उत्तर दिलंस," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. म्हणजे त्यांना खरंच कळत नव्हतं, की कळूनही त्या आपल्या बाजूने बोलत होत्या, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मंडळात जाणं सोडलं. वृंदाताईंचे मेसेज येत होते, ते उघडले नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर खोल्यांच्या जाहिराती बघत बसायची. बाईंवर याचा काही परिणाम दिसत नव्हता. त्या सकाळी "मॉर्निंग" म्हणायच्या, मी "मॉर्निंग" म्हणायची. लिंबं काढून माझ्या दारात ठेवायच्या. मी ती तशीच ठेवायची, मग दोन दिवसांनी त्या ती उचलायच्या आणि ताजी ठेवायच्या.

एक गोष्ट मात्र मी आधीच कबूल केली होती. उन्हाळ्यात टौरंगाच्या बंदराला मोठाली प्रवासी जहाजं लागतात. त्यांतल्या काही जहाजांतून जर्मन म्हातारी माणसं येतात. बाई गाडी चालवत नसत, म्हणून गेली दोन वर्षं मीच त्यांना घेऊन जात होते. तिथे त्या धक्क्याच्या फाटकाबाहेर फुटपाथवर जाऊन उभ्या राहायच्या, आईची चोळी घालून. नुसत्या उभ्या. पहिल्यांदा मला वाटलं काही विकणार आहेत. मग वाटलं कुणी ओळखीचं येणार आहे. लोक त्यांच्याबरोबर सेल्फी काढायचे, बीअर कुठे मिळेल म्हणून विचारायचे. कुणी जर्मन थांबून "म्युनिक?" म्हणालं की बाई तोंड फिरवायच्या. दोन तासांनी म्हणायच्या, "चल." खूप उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या, कुणीतरी ती चोळी ओळखावी, म्हणून उभ्या राहत होत्या.

त्या जानेवारीत मी त्यांना नेलं ते केवळ शब्द दिला होता म्हणून. दीड तासात आम्ही रेडिओच ऐकला. बो त्या दिवशी पाठीमागे होता. मी पलीकडच्या बाकावर बसले.

तासाभराने एक फार म्हातारी बाई चाकांच्या वॉकरला धरून फाटकातून बाहेर आली. सोबत माझ्याच वयाची नात. त्या दोघी आमच्या बाईंना ओलांडून पुढे गेल्या, आणि मग म्हातारी थांबली. मागे वळली. बाईंच्या पाठीकडे बघत राहिली. मग जवळ आली आणि काही न विचारता चोळीवरच्या एका बोंडावर बोट ठेवलं.

बाई गर्रकन वळल्या. दोघी एकदम बोलायला लागल्या. मला जर्मन येत नाही, पण ते साधं जर्मन नव्हतं एवढं कळलं, कारण नातसुद्धा कान देऊन ऐकत होती. मी उठून तिच्याजवळ गेले. ती मला इंग्रजीत सांगायला लागली.

"आजी विचारतेय, ही चोळी कुणाची. त्या म्हणतायत, आईची. आजी विचारतेय, गाव कुठलं."

बाईंनी गावाचं जुनं नाव सांगितलं. एवढ्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. म्हातारीने मान हलवली. नाही अशी.

"आजी म्हणते, हे त्या गावाचं नाही," नात म्हणाली. "नदीच्या त्या काठाला चेरीची पानं भरायचे. खसखशीची बोंडं अलीकडच्या काठाची. म्हणजे आजीच्या गावाची."

बाई काहीतरी जोरात म्हणाल्या. म्हातारीही जोरात म्हणाली. मग म्हातारीने बाईंच्या कमरेमागचा बो धरून विचारलं, हा इथे का? बाईंनी ताठ उभं राहून नियम सांगितले. हातवाऱ्यांवरूनच मला समजत होतं, डावीकडे, उजवीकडे, मागे. म्हातारी ऐकत होती, आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, नातीने पाणी दिलं.

"आजी म्हणते, असलं काही नव्हतं. हात जाईल तिथे बांधायचो. कुठल्या तरी मासिकात वाचलं असेल तुम्ही."

बाई माझ्याकडे वळल्या. आमचं बोलणं बंद आहे हे त्या विसरल्या होत्या. "मग मला कुणी सांगितलं?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. "कुणीतरी सांगितलं होतं ना? कुणी?"

मी दोघींना बाकाकडे नेलं.

दोघी बाकावर तासभर बसल्या. म्हातारी गाव सोडताना चौदा वर्षांची होती. तिला दुकानं आठवत होती, पूल आठवत होता, पण बाईंची आई आठवत नव्हती. मग जहाजाची वेळ झाली. जाताना तिने बाईंचा गाल थोपटला. बाई सत्तरीपार, पण तेवढ्यापुरत्या अगदी लहान दिसल्या.

कैमाईच्या घाटात बाईंनी रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "म्हणजे पन्नास वर्षं मी परक्या गावाचे कपडे घातले."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमची आई जन्माने कुठली?"

"आमच्याच गावची."

"नक्की?"

"माहीत नाही. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. असलं काही विचारायचं राहिलं."

"मग ती नदीपलीकडची असेल. लग्न होऊन तुमच्या गावात आली असेल." मी गाडी चालवता चालवता त्यांना माहेर या शब्दाचा अर्थ सांगायला लागले. इंग्रजीत त्याला शब्द नाही, त्यामुळे फार लांबलं. लग्न झालं तरी बाईचं ते घर असतंच. सणाला साडी तिथून येते. चोळीचा खण तिथून येतो.

"माएर," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ती आमच्या गावात राहून दुसऱ्या गावाची चोळी रोज कशी घालेल?"

"रोज नसेल घालत. पेटीत ठेवली असेल. पण निघायला सांगितलं, हातात मावेल तेवढंच घ्या म्हणाले, तेव्हा तिने ती उचलली."

बाईंनी तोंड खिडकीकडे केलं. घाट उतरला, सपाटी लागली, गाई लागल्या, तरी ते तिकडेच होतं. हॅमिल्टन जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं माएर कुठे?"

"चिंचवडला."

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"नाही."

"हं." मग, "त्या दिवशी हॉलमध्ये मी चुकीचं बोलले."

"खरं तेच बोललात."

"खरं होतं. पण मी ते गाठीवरून बोलले. आणि गाठीला काही अर्थ नाही म्हणे."

ही माफी होती की तक्रार, ते मला कळलं नाही. पण त्या संध्याकाळी मी दारातली लिंबं आत घेतली.

आठवड्याभराने मी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. आई म्हणाली, "सगळ्या हॅमिल्टनला कळल्यावर मला कळतंय होय!" आणि रडायला लागली. मग मी वृंदाताईंचे मेसेज उघडले. सात होते. सहांत त्यांनी विचारलं होतं की डबा आणून देऊ का. सातव्यात लिहिलं होतं, "मी दारात ठेवून जाईन, आत येणार नाही."

बाईंनी दोन आठवडे एप्रनच बांधला नाही. पुढे बांधायला लागल्या, पण आता गाठीकडे बघून मला काही समजेना, आणि त्यांनाही समजत नसावं. एक गिऱ्हाईक आलं. "बो कुठे बांधू?" तिने विचारलं.

"कुठेही बांध."

"पण इंटरनेटवर तर लिहिलंय की..."

"हो," बाई म्हणाल्या, "मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं." गिऱ्हाईक हिरमुसलं. जाताना मला हळूच विचारून गेलं, "यांना खरंच माहिती आहे ना यातलं?"

दोन हजार सतराच्या मे महिन्यात बाई तिकडे जाऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदा परत. त्यांनी तिकीट काढलंय हे मला चार दिवस आधी कळलं. ऑकलंडच्या विमानतळावर मीच सोडलं. अंगावर पूर्ण पोशाख, पायात चालायचे बूट, पाठीवर शाळकरी पोरांसारखी सॅक. चांदीच्या आकड्यांनी तपासणीत शिट्टी वाजेल म्हणून मी सांगत होते. त्या म्हणाल्या, "वाजू दे."

तीन आठवड्यांनी त्यांना आणायला गेले. माणसं बाहेर येत होती आणि मी परकर शोधत होते. कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला. तपकिरी पँट आणि राखाडी स्वेटर घातलेली एक म्हातारी. मी ओळखलंच नाही.

गाडीपर्यंत जाताना मी विचारत होते. गाव सापडलं? सापडलं, दोन्ही. पूल आहे? पूल नवा आहे. आईचं नाव मिळालं? नाही, चर्चच्या वह्या दुसऱ्या शहरात हलवल्या, त्या शहरातलं ऑफिस त्या आठवड्यात बंद. म्हणजे ती नक्की नदीपलीकडची होती का? "असेल," बाई म्हणाल्या. "नसेलही."

"आणि चोळी बॅगेत आहे?"

"दिली."

मी थांबलेच. "कुणाला?"

"नदीपलीकडच्या गावात एक कॉफीचं दुकान आहे. तिथे एक मुलगी काम करते. रोज माझ्या पाठीकडे बघायची. शेवटच्या दिवशी काढून दिली. तिला अगदी मापात बसली."

"ती जर्मन आहे?"

"नाही. आता तिथे कुणी जर्मन नाही. ती तिथलीच."

"मग तिला सांगितलंत का, ही कशी घालायची, कशावर, कधी?"

"कसं सांगणार? तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही." बाई गाडीत बसल्या. पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला, हात थकले होते. "तिने तिथेच टी-शर्टवर घातली. खाली जीन्स. आणि आकडे वरून खाली लावत आली. मी जन्मभर खालून वर लावत होते, दर वेळी एक चुकायचा."

मी गाडी सुरू केली.

"वरून खाली सोपं जातं," बाई म्हणाल्या.